यंत्र आपले, विंडोज कोणाची?

कॉम्प्युटर मंद झाला, मध्येच अडकायला लागला, की तो पिशवीत घालून दुकानात न्यायचा आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणायचे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. दुकानदार विचारतो, “ओरिजनल टाकू की साधी?” ‘साधी’ म्हणजे कसली ते दोघांनाही ठाऊक असते, त्यामुळे पुढे कोणी काही बोलत नाही. संध्याकाळी मशीन तयार. यातली विसंगती अशी, की ज्या ब्रँडेड लॅपटॉपवर ही ‘साधी’ विंडोज चढते, त्याच्या मालकाने बहुतेक वेळा खरेदी करतानाच ओरिजनल विंडोजचे पैसे मोजलेले असतात. जुन्या लॅपटॉपच्या पोटाशी परवान्याचे स्टिकरही दिसते. नसते ती तीच विंडोज पुन्हा चढवण्याची डिस्क. परवाना बाळगणारा गिऱ्हाईक चोरीची प्रत वापरतो आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही, ही परिस्थिती आपोआप आलेली नाही. ती कशी आली, त्यात कोणाचे साधले आणि कोणाचे फसले, हे एकदा सलग पाहण्यासारखे आहे.

सुरुवात १९७६ पासून करावी लागते. त्या वर्षी फेब्रुवारीत वीस वर्षांच्या बिल गेट्सने कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिले. ‘अल्टेअर’ या यंत्रासाठी त्याच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने लिहिलेल्या ‘बेसिक’ या सॉफ्टवेअरच्या नकला हौशी लोकांमध्ये सर्रास फिरत होत्या. यंत्राचे पैसे देता, मग सॉफ्टवेअरचे का नाही, असा त्याचा सवाल होता. पत्राने नकला थांबल्या नाहीत. पुढे १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यासाठी यंत्र चालवणारी प्रणाली म्हणून डॉस दिले, पण तेच डॉस इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. धंद्याची खरी मेख इथे आहे. घरोघरच्या गिऱ्हाइकाकडून सॉफ्टवेअरचे पैसे वसूल करणे महाकठीण. यंत्र बनवणाऱ्या कारखानदाराकडून ते सोपे. पुढे तर काही करार असे झाले, की कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायचे, मग त्यावर मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो. अमेरिकेच्या न्याय खात्याने यावर बोट ठेवले आणि १९९४ च्या तडजोडीत ही पद्धत बंद करणे कंपनीला भाग पडले. तोवर प्रणाली यंत्राच्या किमतीत विरघळून गेली होती. बिलावर तिची वेगळी ओळ नाही, त्यामुळे ती ‘फुकट आली’ असे गिऱ्हाइकाला वाटू लागले. आणि फुकट आलेल्या वस्तूची डिस्क कोण मागतो?

विंडोजचे परवाने ढोबळमानाने तीन प्रकारचे. कारखान्यातून यंत्रासोबत येतो तो ओईएम परवाना, दुकानातून खोक्यात किंवा ऑनलाइन घेतला जातो तो रिटेल, आणि कंपन्या-कॉलेजे घाऊक घेतात तो व्हॉल्यूम. ओईएम आणि रिटेल यांतला फरक गाडीचे आरसी बुक आणि चालकाचे लायसन्स यांच्यासारखा आहे. आरसी बुक त्या गाडीचे, गाडी भंगारात गेली की तेही संपले. लायसन्स माणसाचे, गाडी बदलली तरी चालते. ओईएम परवाना पहिल्या यंत्राला कायमचा बांधलेला, आणि म्हणूनच स्वस्त. रॅम वाढवा, हार्ड डिस्क बदला, चालते. मदरबोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते नवे यंत्र होते. बोर्ड बिघडला म्हणून तसाच दुसरा टाकला असेल तरच सूट. असेम्बल्ड पीसी विकणाऱ्या छोट्या दुकानदारासाठीही ओईएमचाच एक वेगळा प्रकार आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एकेक भाग निवडून जोडलेल्या मशीनवर तो किती वेळा रीतसर चढला असेल, हे वाचकांनी आपल्याच अनुभवावरून ठरवावे.

डिस्ककडे वळू. नव्वदच्या दशकात ब्रँडेड पीसीच्या खोक्यात विंडोजची पूर्ण सीडी यायची. ती कुठल्याही यंत्रावर चालायची, आणि कंपनीला नेमके हेच खटकत होते. एका यंत्राची सीडी अख्ख्या इमारतीत फिरे. २००० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने मोठ्या उत्पादकांना पूर्ण सीडी देणे थांबवायला लावले. त्याऐवजी दोन पर्याय उरले: फक्त त्याच कंपनीच्या यंत्रावर चालणारी रिकव्हरी सीडी, किंवा हार्ड डिस्कवरच राखून ठेवलेला एक भाग, ज्याला आपण रिकव्हरी पार्टिशन म्हणतो. डिस्क छापायला आणि खोक्यात भरायला पैसे पडतात, पार्टिशनला काहीच नाही. उत्पादकांनी कुठला पर्याय उचलला असेल हे सांगायला नको.

या पार्टिशनची गोष्ट थोडी तपशिलात सांगायला हवी, कारण बहुतेकांचा घात तिथे झाला. लॅपटॉप चालू करताना एफ-११ किंवा एफ-९ सारखी एखादी कळ दाबायची, की कारखान्यातून निघाला तेव्हाच्या अवस्थेत तो परत जातो. कंपनीने आधीच भरलेली चाचणीपुरती अँटिव्हायरसे आणि खेळही परत येतात, आणि तुमचे फोटो-हिशेब मात्र साफ होतात. पण हार्ड डिस्कच बिघडली तर? विंडोज आणि तिला वाचवणारा भाग, दोन्ही एकाच तबकडीवर. त्यासाठी कंपन्या एक सोय देत: पहिल्या काही दिवसांत चार-पाच कोऱ्या डीव्हीडी घालून रिकव्हरी डिस्कचा संच स्वतः तयार करा. काही कंपन्या असा संच एकदाच बनवू देत. नवा लॅपटॉप घरी आल्यावर त्याची पूजा करणारे पुष्कळ, हा संच बनवणारे विरळा. त्यातून आपल्याकडची आणखी एक खोड म्हणजे ‘पार्टिशन पाडून घेणे’. सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह हवेत म्हणून दुकानदार अख्खी डिस्क पुसून नव्याने भाग पाडायचा, आणि त्यात रिकव्हरीचा भाग पहिल्याच दिवशी जायचा. काही लॅपटॉपवर हा भाग ‘रिकव्हरी’ नावाने डी ड्राइव्ह म्हणून दिसे, कायम भरलेला, लाल पट्टी दाखवणारा. जागा मोकळी करायला म्हणून तो अनेकांनी स्वतःच्या हाताने पुसला.

डिस्क अशी नाहीशी होत असताना परवाना ओळखण्याची पद्धतही बदलत गेली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने ‘ॲक्टिव्हेशन’ आणले: पंचवीस अक्षरांची की टाकायची, मग यंत्राची ओळख कंपनीच्या सर्व्हरकडे नोंदवली जाते. मोठ्या उत्पादकांना प्रत्येक यंत्र असे नोंदवणे परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी वेगळी वाट काढली गेली. एक सामाईक की सगळ्या यंत्रांवर, आणि यंत्र त्याच कंपनीचे आहे याची खूण मदरबोर्डवरच्या बायोस या मूळ प्रोग्रॅममध्ये. खूण जुळली की नोंदणीची गरज नाही. याचा अर्थ, लॅपटॉपच्या पोटाशी चिकटवलेल्या स्टिकरवरची की आणि आत प्रत्यक्ष चालणारी की या दोन वेगळ्या होत्या. स्टिकर वर्षानुवर्षे मांडीवर घासून पुसट व्हायचे, आणि वाचता आले तरी भरवसा नाही. २८ फेब्रुवारी २००५ पासून मोठ्या बहुराष्ट्रीय उत्पादकांच्या एक्सपी स्टिकरवरच्या की इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट होणे मायक्रोसॉफ्टने बंद केले. फोन करा, माणसाला पटवून द्या, तो सांगेल ते आकडे टाका. चोरलेल्या की बाजारात विकल्या जात होत्या, हे कारण खरे होते. पण भुर्दंड पडला तो स्टिकर असलेल्या, म्हणजेच पैसे भरलेल्या माणसाला. चोरी करणाऱ्याने बायोसमधल्या खुणेची नक्कल करणारे प्रोग्रॅम शोधले आणि त्याचे काम आधीपेक्षा सोपे झाले.

यानंतरच्या काळातला एक अनुभव विंडोज ७ वापरणाऱ्या अनेकांना आठवेल. डिस्क हरवलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने एक सोय केली होती: आपली की टाइप करा आणि विंडोज ७ उतरवून घ्या. स्टिकरवरची की काळजीपूर्वक टाकली की उत्तर यायचे, की ही की उत्पादकाने आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरची दिसते, कृपया उत्पादकाशी संपर्क साधा. उत्पादकाकडे जावे, तर वॉरंटी संपलेल्या मॉडेलच्या डिस्क आता मिळत नाहीत असे ऐकायला मिळे. दोघांनीही रीतसर पैसे घेतले होते आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते. मग माणूस दुकानात जाऊन ‘साधी’ टाकून घेणार नाही तर काय करणार?

या सगळ्या गुंत्याचा कडेलोट अमेरिकेतल्या एका खटल्यात झाला. एरिक लुंडग्रेन हा कॅलिफोर्नियातला ई-कचऱ्यावर काम करणारा उद्योजक. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणे हा त्याचा धंदा आणि ध्यासही. त्याचे म्हणणे असे, की हजारो चांगली यंत्रे भंगारात जातात, कारण ती विकणाऱ्याकडे किंवा घेणाऱ्याकडे विंडोज पुन्हा चढवायची डिस्क नसते. म्हणून त्याने चीनमध्ये सुमारे २८,००० डिस्क बनवून घेतल्या. डेल कंपनी आपल्या गिऱ्हाइकांना जी पुनर्स्थापनेची डिस्क देत असे, तिची ती नक्कल होती, बोधचिन्हांसकट. त्यांत परवाना किंवा की नव्हती. यंत्रावर मूळ परवाना असेल तरच डिस्क उपयोगाची, आणि आतला मजकूर तसाही फुकट उतरवता येतो, असा त्याचा दावा. अमेरिकी कस्टम्सने माल पकडला. नकली मालाचा व्यापार आणि कॉपीराइटचा भंग या आरोपांत त्याने गुन्हा कबूल केला. वाद उरला तो शिक्षेच्या मोजमापाचा.

तिथला कायदा शिक्षा ठरवताना मालाची किंमत पाहतो. जुने यंत्र दुरुस्त करून विकणाऱ्या अधिकृत व्यावसायिकांना मायक्रोसॉफ्ट परवान्यासह डिस्क २५ डॉलरला देत असे. सरकारी पक्षाने तोच दर धरला: २८,००० गुणिले २५, म्हणजे ७ लाख डॉलर. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाचे म्हणणे, परवान्याशिवाय या डिस्कचे मोल जवळजवळ शून्य. न्यायालयाने सरकारी बाजू मानली आणि २०१७ मध्ये १५ महिने कैद व ५०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. एप्रिल २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली. यावर जगभर ओरड झाली तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्याचे ईमेल पुढे केले. त्या डिस्क अस्सल दिसाव्यात म्हणून त्याने खटपट केली होती, हे त्यांतून दिसते.

माझ्या मते बोधचिन्हांची नक्कल करणे ही लुंडग्रेनची उघड चूक होती आणि तिला शिक्षा होणे समजण्यासारखे आहे. बोधचिन्हांशिवाय साधी डिस्क दिली असती तर घेणाऱ्याची फसवणूक होते आहे असे म्हणणे अवघड गेले असते. पण २५ डॉलरचा हिशेब मला आजही पटत नाही. त्या २५ डॉलरमध्ये मोल होते ते परवान्याचे, आणि परवाना तर त्या डिस्कमध्ये नव्हताच. गंमत अशी, की सॉफ्टवेअर विकले जात नाही, फक्त वापरण्याची परवानगी दिली जाते, असे कंपन्या नेहमी सांगतात. डिस्क म्हणजे निव्वळ वाहन. इथे मात्र वाहनालाच परवानगीची किंमत लावली गेली.

युरोपातल्या न्यायालयांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्येच ठरवले, की एकदा बाजारात आलेली ओईएम प्रत यंत्रापासून वेगळी करून विकायला मायक्रोसॉफ्ट आडकाठी करू शकत नाही. २०१२ च्या ‘यूज्डसॉफ्ट’ निकालात युरोपीय न्यायालयाने डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवानाही पुन्हा विकता येतो असे सांगितले. म्हणजे विकत घेतलेली वस्तू ती वस्तूच. मात्र २०१६ मध्ये दोन लाटव्हियन विक्रेत्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने लगाम ओढला: मूळ डिस्क खराब झाली वा हरवली म्हणून तिची बॅकअप प्रत कंपनीच्या संमतीशिवाय विकता येणार नाही. वापरासाठी बॅकअप ठेवा, व्यापारासाठी नाही. ही रेघ मला ठीक वाटते.

पैसे परत मागण्याचा लढा याला समांतर चालला. विंडोज नको, तिच्या अटी मान्य नाहीत, तर तिचे पैसे परत द्या, असे म्हणत १५ फेब्रुवारी १९९९ रोजी लिनक्स ही दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांनी कॅलिफोर्नियात ‘विंडोज परतावा दिन’ पाळला. मायक्रोसॉफ्टने उत्पादकांकडे बोट दाखवले. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गिऱ्हाइकाचा हा हक्क मान्य केला. फ्रान्समधून गेलेल्या सोनीच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले, की प्रणालीसह यंत्र विकणे आणि तिची किंमत वेगळी न दाखवणे ही आपोआप अनुचित प्रथा ठरत नाही. बिलावरची ती न दिसणारी ओळ अजूनही दिसत नाही.

भारतात काय? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात सीडीवरचे तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ आहे असे ठरवले. २०२१ मध्ये परदेशी सॉफ्टवेअरच्या आयकराचा मोठा वाद निकाली काढताना त्याने सांगितले, की अशा वापरपरवान्याने गिऱ्हाइकाला कॉपीराइटमधला कोणताही हक्क मिळत नाही. दोन्ही निकाल कराबद्दलचे आहेत. सामान्य वापरणाऱ्याच्या कामाची तरतूद कॉपीराइट कायद्यात आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. १९५७ च्या या कायद्याच्या कलम ५२ मध्ये, सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसान वा नाश यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून तिची बॅकअप प्रत करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली आहे. त्याच कायद्याचे कलम ६३ ब सांगते, की चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून केवळ दंडावर सोडू शकते. म्हणजे परवाना असलेल्या माणसाला स्वतःची प्रत जपण्याचा हक्क आहे, पण जिच्यावरून प्रत करायची ती डिस्क त्याला मिळावी असे बंधन मात्र विक्रेत्यावर नाही.

किमतीचा प्रश्नही टाळता येत नाही. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतात विंडोज एक्सपीची ‘स्टार्टर’ आवृत्ती हिंदीत आणली. ती फक्त नव्या स्वस्त पीसीसोबत मिळे आणि तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडत. लोकांनी तिला भाव दिला नाही. त्यापेक्षा डॉस असलेला लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त घ्यायचा आणि दुकानदाराकडूनच विंडोज टाकून घ्यायची, हा मार्ग रूढ झाला. कोणीही डॉस वापरण्यासाठी डॉसचा लॅपटॉप घेतला नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक होते. आता त्याची जागा ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कीने घेतली आहे. यांतल्या पुष्कळशा की घाऊक परवान्यांतून फुटलेल्या असतात. आज ॲक्टिव्हेट होते, उद्या रद्द होऊ शकते, आणि विकणारा तोवर दुसऱ्या नावाने दुकान मांडून बसलेला असतो.

तंत्राच्या बाजूने पाहिले तर डिस्कचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून प्रत्येक यंत्राची स्वतंत्र की कारखान्यातच मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिली जाते. स्टिकर गेले, पुसट होण्याची भीतीही गेली. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्थापनेचा पेनड्राइव्ह बनवण्याची सोय सर्वांना फुकट खुली केली. आता त्या यंत्रावर तीच आवृत्ती चढवली की चिपमधली की आपोआप वाचली जाते, काहीही टाइप करावे लागत नाही. वीस वर्षांपूर्वी जे हवे होते ते हेच. ज्या डिस्कसाठी एक माणूस तुरुंगात गेला, तिचे काम आज आठ जीबीचा पेनड्राइव्ह करतो.

पण अडवणुकीची जागा बदलली. २०२१ च्या विंडोज ११ ने टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर बंधनकारक केला. विंडोज ७ आणि ८ च्या की वापरून नवी विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची वाट सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. घरगुती वापरणाऱ्यांना आणखी एका वर्षाची वाढीव सुरक्षा मिळते, पण त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. परवाना कायमचा, चिपमधली की शाबूत, स्थापनेची फाइल फुकट, आणि तरीही धडधाकट यंत्र निरुपयोगी ठरू शकते.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे पोर्टलही सुरू केले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहितीपत्रके यांवर तिथे बोलले जाते. यंत्रासोबत विकलेली प्रणाली त्या यंत्राच्या आयुष्यभर पुन्हा चढवता आली पाहिजे आणि तिची किंमत बिलावर वेगळी दिसली पाहिजे, या दोन मागण्या ग्राहक पंचायतींनी आणि व्यापारी संघटनांनी त्यात रेटल्या पाहिजेत. तोवर निदान एवढे करा. सेकंडहँड लॅपटॉप घेताना दुकानातच सेटिंग्जमधले ॲक्टिव्हेशनचे पान उघडून पाहा. नवा घेतला असेल तर पहिल्याच आठवड्यात रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवून बिलाच्या पाकिटात ठेवा. आणि दुकानदाराने ‘ओरिजनल की साधी’ विचारले, तर त्याला सांगा की ओरिजनल मशीनमध्येच आहे, तीच परत चढवून दे, आणि मजुरी घे.